रिकाम्या कॉलमचे दोन ठोके

आमच्या घरी कधी आलात, तर दार वाजवू नका. बेल आहे, ती दाबा.

तशी पाटीच लावली आहे दारावर. शेजारचे काका हसतात. म्हणतात, "एक टकटक केली तर तुमचं दार काय रडणार आहे का?"

मी विषय बदलते. काकांना सांगून उपयोग नाही. त्यांना हृदयाचा त्रास आहे, आणि मला ते पाप नको.

तुम्हाला मात्र सांगते. हे माझ्या बाबतीत घडलं आहे. मित्राच्या मित्राला, गावाकडच्या काकूला, असलं काही नाही. आणि अमावास्येची रात्र, ओसाड रस्ता वगैरे वाचायला बसला असाल तर निराशा होईल. भर दुपार होती. जेवणाची सुट्टी नुकतीच झाली होती. बाहेर डोळे दिपतील असं ऊन होतं.

मी मात्र अशा जागी होते, जिथे ऊन पोचत नाही.

आमचा कारखाना एक पांढरी पावडर बनवतो. तिच्यापासून पुढे बाटल्या आणि धागे होतात. ती पावडर बनायला एक धातू लागतो, कोबाल्ट. तो पाण्यात विरघळलेला असतो. त्याला कॅटलिस्ट म्हणतात. माझा मामा नव्या माणसाला समजावताना म्हणतो, "लग्न जमवणारी मावशी असते ना, तशी ही वस्तू. दोघांचं जमवून देते आणि स्वतः होती तशीच राहते."

काम झालं की हा धातू पाण्याबरोबर वाहून जातो. महाग माल, वाहून जाऊ देऊन कसं चालेल? म्हणून ते पाणी उभ्या लोखंडी टाक्यांमधून सोडतात. त्यांना आम्ही कॉलम म्हणतो. आत मोहरीएवढ्या दाण्यांचा थर असतो. धातू त्या दाण्यांना चिकटतो, पाणी पुढे जातं. मग दाणे आम्लाने धुवायचे, धातू सोडवायचा आणि परत कामाला पाठवायचा. पुन्हा तेच. वर्षानुवर्षं तोच धातू गोल गोल फिरत असतो.

आमच्या विभागात काहीच बाहेर जाऊ द्यायचं नसतं. कामच ते आहे.

मी या विभागात तंत्रज्ञ. अंगाने एवढीशी. म्हणून सगळे मला चिमणी म्हणतात, आणि म्हणूनच दरवर्षी कारखाना बंद ठेवून दुरुस्ती निघते तेव्हा कॉलममध्ये उतरायचं काम माझ्याच गळ्यात पडतं. कॉलमचं तोंड बाजूला आहे, आणि इतकं लहान की आमचे इंजिनिअर साहेब एकदा पोटाशी अडकले होते. ती गोष्ट निराळी.

मामा म्हणजे माझा सख्खा मामा, आईचा धाकटा भाऊ. मला इथे त्यानेच चिकटवलं. मी आत असले की तोंडाशी पहाऱ्याला तोच बसतो. दुसरं कोणी त्याला चालत नाही. "भाची माझी, पहारा माझा," म्हणतो.

आत जायचे नियम साधे आहेत. प्रत्येकाचा एक पितळी बिल्ला असतो. आत जाताना तो तोंडाशेजारच्या फळीवर लावायचा. बाहेर आल्यावर स्वतःच्या हाताने काढायचा. फळी रिकामी, म्हणजे कॉलम रिकामा. मगच झाकण लावायचं.

आणि ठोके. दुरुस्तीतही बाहेर पाणी उपसणाऱ्या पंपांचा आवाज इतका असतो की सगळ्यांचे कान झाकलेले. ओरडलेलं कोणालाच ऐकू जात नाही. म्हणून पहारेकरी पान्याने लोखंडावर एक ठोका मारतो आणि तळवा टेकवून थांबतो. एक ठोका म्हणजे, आहेस ना? आतून दोन आले तर, आहे, बरी आहे. तीन आले तर... काढा मला.

मामाचे कान गेल्यातच जमा आहेत, पण त्याचा तळवा सगळं ऐकतो.

आता पेन्सिलबद्दल सांगायला हवं. मी लागायच्या आधी आत उतरायचं काम तो करायचा. हडकुळा, बुटका, म्हणून पेन्सिल. मामाचा जिवाभावाचा सोबती. एका दुरुस्तीत काम उरकून तो बाहेर आला, बिल्ला काढून खिशात टाकला, आणि मग आठवलं की पाना आत राहिला. एका मिनिटाचं काम, म्हणून बिल्ला न लावताच पुन्हा आत शिरला. पहाऱ्यावरचा माणूस पाणी प्यायला गेला होता. परत आला तर फळी रिकामी.

त्याने झाकण लावलं. पाणी सोडलं.

मामा त्या दिवशी रजेवर होता. पेन्सिल सापडला तेव्हा बिल्ला त्याच्या खिशातच होता.

तेव्हापासून मामाला एक सवय लागली. फळी रिकामी असली, डोळ्यांसमोर माणूस बाहेर आला असला, तरी झाकण पक्कं आवळण्याआधी तो रिकाम्या कॉलमवर एक ठोका मारायचा. तळवा टेकवून उभा राहायचा. मग मान हलवून कामाला लागायचा. आम्ही पोरंपोरी त्याची टिंगल करायचो. मी तर सर्वांत जास्त.

तर ती दुपार.

कॉलममधले दाणे काढून झाले होते. आत तळापासून थोडी वर एक पोलादी जाळी आहे, तिच्यावर टोप्या बसवलेल्या असतात. पाणी टोप्यांतून जातं, दाणे वर राहतात. एखादी टोपी फुटली की दाणे खाली निसटतात. मला फुटकी टोपी शोधून बदलायची होती आणि जाळीखालच्या पोकळीत साठलेले दाणे काढायचे होते.

मी पिवळा रबरी सूट घातला, अख्खा चेहरा झाकणारा मास्क चढवला, कमरेला दोर बांधला. फळीवर बिल्ला लावला.

"लवकर ये गं चिमणे," मामा म्हणाला. "चहा गार होतो."

"तुझा चहा गारच बरा लागतो," मी म्हणाले आणि आत शिरले.

आत व्हिनेगरसारखा आंबट वास होता. नेहमीचाच. भिंतींवर फिकट गुलाबी डाग, ते कोबाल्टचे. दिव्याची वायर आणि हवेची नळी तोंडातून आत सोडलेली होती. मी टोपी बदलली. मामाचा ठोका आला, ठक. मी दोन ठोके दिले.

मग जाळीतल्या लहान दारातून मी खालच्या पोकळीत उतरले. तिथे बसायलाही जागा नाही, पालथं पडून सरकावं लागतं. दोर टोप्यांत अडकायला लागला. मी तो सोडला आणि वर जाळीवर ठेवला. तसं करायचं नसतं. सगळे करतात.

हाताने दाणे गोळा करत होते. वरून जाळीच्या फटींतून उजेडाच्या रेघा येत होत्या.

पुन्हा मामाचा ठोका. ठक.

मी हात वर उचलला... आणि माझ्या आधीच उत्तर गेलं.

ठक. ठक.

अगदी डोक्यावरून.

मी थांबले. प्रतिध्वनी असेल. रिकामं भांडं, आवाज घुमणारच. मी स्वतःलाच म्हटलं, चिमणे, जेवून आलीस ना, पोट भरलंय, मग कशाला भलतं सुचतंय?

मग जाळीवर पावलं वाजली.

रबरी बुटांची. ओली. च्यप... च्यप...

"मामा?" मास्कमध्ये माझाच आवाज माझ्या कानात घुसला. मामा आत येणं शक्यच नव्हतं. त्याचे खांदे त्या तोंडातून जात नाहीत.

उजेडाच्या रेघा एकेक करून झाकल्या गेल्या. कोणीतरी माझ्या बरोबर वर उभं होतं. मी उताणी होऊन पाहिलं. फटीतून पिवळा रबर दिसला. माझ्यासारखाच सूट.

जाळीवरून दोर घासत गेला... सरसर.

आणि पावलं तोंडाकडे निघाली.

मी कशी वर आले ते आठवत नाही. कोपरं सोलली होती, एवढं नंतर कळलं. वर येईपर्यंत हवेची नळी सरकत बाहेर चालली होती. मी तिच्यावर झेप टाकली, ती हातातून निसटली. मग दिवा हलला, ओढला गेला, तोंडातून बाहेर गेला. मागे तोंडातून येणारा उन्हाचा एक गोल तुकडा उरला. त्या गोलावर झाकण सरकलं.

चंद्रकोरीएवढं ऊन राहिलं.

मग तेही गेलं.

मी ओरडले. घसा फाटेपर्यंत ओरडले. बाहेर पंप, कानांवर झाकणं, कोण ऐकणार? बोल्ट आवळले जाताना ऐकू येत होते. एक झाला. दुसरा. मी हातातला पाना लोखंडावर मारायला घेतला.

आवळणं थांबलं.

बाहेरून एक ठोका आला. ठक. आहेस ना?

माझ्या जिवात जीव आला. आणि सवयीने, विचार न करता, मी उत्तर दिलं. ठक. ठक.

मामाचा तळवा पलीकडे टेकलेला असणार. आमच्यामध्ये फक्त बोटभर जाडीचं पोलाद होतं.

मग बोल्ट पुन्हा आवळला जाऊ लागला.

मला समजेना. मी तीन ठोके मारले. काढा मला. तीन. तीन. तीन. हात दुखेपर्यंत तीन. आवळणं एकदाही थांबलं नाही. शेवटचा बोल्ट बसला आणि मी अंधारात उभी राहिले. स्वतःच्या श्वासाशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

मला सख्ख्या मामाने बंद केलं होतं. जाणूनबुजून. ठोके ऐकून.

खरं सांगते, त्या वेळी मला भुताची भीती वाटली नाही. राग आला आणि रडू आलं. लहानपणी कपाटात लपले आणि कडी लागली की यायचं, तसंच रडू.

मग पायाखाली टोप्या बुडबुडल्या.

पाणी.

झाकण लावल्यावर गळती बघायला कॉलम पाण्याने भरतात. पाणी खालून येतं, टोप्याटोप्यांतून, शांतपणे. घोट्याला थंड लागलं. थोड्या वेळाने गुडघ्याला. भिंतींवर हात फिरवले. सगळीकडे गुळगुळीत, गोल. कोपरासुद्धा नाही, की त्यात जाऊन बसावं.

एवढं कळत होतं की पाणी भरेपर्यंत मामा बाहेरच थांबणार. जोडांवर हात फिरवत गळती बघणं हे त्याचंच काम. म्हणजे मी काहीही वाजवलं तरी त्याच्या तळव्याला कळणार. पण दोन ठोके त्याने मानले नाहीत. तीनही मानले नाहीत. का?

पाणी कमरेला आलं.

आणि मला आमच्या जुन्या घराचं दार आठवलं.

मी लहान असताना मामा पाळी संपवून आमच्याकडे यायचा. दार उघडायचं काम माझं. पण आमचा एक खेळ होता. तो बाहेरून अर्धी थाप द्यायचा, ठक... ठक-ठक... ठक. मी आतून उरलेली अर्धी द्यायची, ठक-ठक... ठक. जुळली तरच दार उघडायचं. नाहीतर मामा चोर! आई वैतागायची. ही थाप आमच्या दोघांचीच होती. कारखान्यात ती कधी वाजली नव्हती.

पाणी छातीशी आलं होतं. मी पाना दोन्ही हातांनी धरला आणि मामाची अर्धी वाजवली.

ठक... ठक-ठक... ठक.

काही नाही.

पुन्हा वाजवली. तिसऱ्यांदा सावकाश वाजवली.

मग, अगदी हलकेच, जणू मारणाऱ्यालाच भीती वाटतेय असं...

ठक-ठक... ठक.

माझी अर्धी. मामाने दिलेली.

पुढचं भराभर झालं. पाणी थांबलं, उतरायला लागलं. बोल्ट निघाले. मामाने मला काखेत धरून बाहेर ओढलं आणि माझा मास्क वर करून चेहरा पाहिला.

"तू... तू तर गेलीस," तो म्हणाला.

"कुठे गेले? आतच तर होते!"

"माझ्यासमोर बाहेर आलीस. मी विचारलं, झालं का गं? तू मान हलवलीस. कमरेचा दोर मी सोडला, या हातांनी." त्याने स्वतःचे हात पाहिले. "गार लागलीस. म्हटलं, ओला सूट आहे. बिल्ला काढलास आणि गेलीस."

आम्ही फळीकडे पाहिलं. रिकामी होती.

जमिनीवर ओली पावलं उमटली होती. लहान पावलं, फिकट गुलाबी. तोंडापासून निघून फाटकाच्या दिशेने गेलेली. उन्हात वाळत चालली होती.

मी विचारलं, "मी ठोके देत होते. दोन दिले, तीन दिले. तुला कळले नाहीत?"

मामा खालीच बसला. माझ्या ओल्या बुटांना हात लावून रडायला लागला. मोठ्या माणसाने लहानाच्या पायाला हात लावायचा नसतो, मी त्याला ओढून उठवत होते, तो ऐकेना.

"कळले गं," तो म्हणाला. "पण ते तर दरवर्षी येतात."

मला वाटलं, धक्क्याने बडबडतोय.

"दरवर्षी रिकाम्या कॉलमवर मी ठोका मारतो, आणि दोन ठोके येतात. झाकण आवळायला लागलं की तीन येतात. पाणी भरेपर्यंत येतात. आधी मी दर वेळी उघडायचो. आत कोणीच नाही. साहेबांची बोलणी खाल्ली, लोक वेडा म्हणाले. मग उघडणं सोडून दिलं. मनात म्हणायचो, राहा बाबा पेन्सिल, राहा सुखाने." त्याने डोळे पुसले. "आजही तेच म्हणालो. तू आत होतीस, आणि मी तेच म्हणालो."

मग तो स्वतःशीच पुटपुटला, "त्याने बिल्ला लावलाच नव्हता ना. ज्याचा बिल्ला नाही, तो आत गेलाच नाही. मग बाहेर तरी कसा येणार? तुझा घेतला त्याने."

मामाने मला स्कूटरवरून घरी आणलं. ऊन तसंच लख्ख होतं, दुकानं उघडी होती, लोक भाव करत होते. मला त्या सगळ्यांचा हेवा वाटत होता.

आईने दार उघडलं. मला पाहिलं, आणि तिच्या हातातली झारी खाली पडली.

"तू इथे कशी? तू तर आंघोळ करतेयस!"

आतून नळाचा आवाज येत होता.

"मघाशी आलीस. तो पिवळा अवतार, तोंडावर तो मास्क, काही बोलली नाहीस. मी म्हटलं, अगं बूट तरी काढ! सरळ बाथरूममध्ये गेलीस आणि कडी लावलीस."

घरभर व्हिनेगरचा वास होता.

मामा पुढे झाला. बाथरूमच्या दारावर त्याने बोटाच्या पेराने एक ठोका मारला आणि तळवा टेकवला.

नळ बंद झाला.

ठक... ठक.

आई माझ्या दंडाला धरून उभी होती. मामाने खांदा मारून कडी तोडली. आत कोणी नव्हतं. खिडकीला गज आहेत, तिथून मांजरही जात नाही. बादली काठोकाठ भरलेली, पाणी फिकट गुलाबी. नळाच्या चावीला माझा बिल्ला अडकवलेला.

कॉलममध्ये आता कोणी नाही. मामा दुसऱ्याच दिवशी जाऊन ठोका मारून आला. तळवा टेकवून उभा राहिला, बराच वेळ. काहीच आलं नाही. "सुटला," म्हणाला. मग माझ्याकडे पाहिलं.

सुटला, पण गेला कुठे?

आमच्याकडे. बंद दार वाजवलं की आतून दोन ठोके येतात. कपाटाचं असो, माळ्याचं असो. आईने सगळं करून पाहिलं. घर विकायचं म्हटलं, तर गिऱ्हाईक येऊन आधी दारच वाजवणार. मग आम्ही युक्ती काढली. मामाची थाप घरात सुरू केली. बाथरूमचं दार लावलेलं असलं की अर्धी थाप द्यायची, आतून उरलेली आली तर समजायचं, आपलं माणूस आहे. त्याला फक्त दोन आणि तीन येत होते. बरेच महिने निभावलं.

मागच्या आठवड्यात मी कामावरून आले. बाथरूमचं दार आतून बंद होतं. मी थाप दिली.

ठक... ठक-ठक... ठक.

आतून उत्तर आलं. ठक-ठक... ठक. नीट, बिनचूक, लयीत.

मी म्हटलं, "आई, लवकर आटप गं, मला हातपाय धुवायचेत."

आणि मागून, जिन्यातून, भाजीची पिशवी सांभाळत आई म्हणाली, "कोणाशी बोलतेयस?"

दारावरची पाटी त्या दिवशी लावली.

आता दुरुस्तीचे दिवस पुन्हा जवळ आले आहेत. मी साहेबांना सांगितलंय की मी उतरणार नाही. ते म्हणाले, "बघू." त्या तोंडातून जाईल असं आमच्यात दुसरं कोणी नाही, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही. मामाने माझा बिल्ला घासून लख्ख करून ठेवलाय. ज्या बिल्ल्यावर तो बाहेर आला, त्याच बिल्ल्याबरोबर परत आत आला तर, आणि आता तर आमची थापही त्याला येते. माझ्याशी बोलताना मामा नजर टाळतो, कारण एकच प्रश्न आम्हा दोघांना पडलाय.

झाकण पुन्हा लागलं, तर मी काय वाजवू?